आवाजाची दोन खोकी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला घरी आल्यावर शांतता हवी असणार, असं कुणालाही वाटेल. हॅलोताईंच्या आईलाही तसंच वाटायचं. लेक कामावरून आली की ती रेडिओ बंद करायची, दार लोटून घ्यायची आणि चहाचा कप हातात देऊन गप्प बसून राहायची. पण हॅलोताईंना शांतता नको होती. त्यांना आवाजच हवा होता, फक्त स्वच्छ.

हॅलोताई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. दारावर कुणी थाप मारली की आतून 'कोण आहे' ऐवजी 'हॅलो' यायचं, तेव्हापासून ते चिकटलं ते कायमचं. कामावर त्यांच्यासमोर भोकांनी भरलेला एक लांबलचक बोर्ड असायचा, हातात वायरी आणि डोक्यावर हेडफोन. या गावची वायर काढून त्या गावच्या भोकात घालायची, बोलणं सुरू झालं की बाजूला व्हायचं. त्या वायरींतून माणसं भांडायची, रडायची, बाळ झाल्याच्या बातम्या द्यायची, पण सगळ्यांचे आवाज सारखेच यायचे: नाकातून आल्यासारखे, आणि मागे सतत पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. लग्नाचं कुणी बघू लागलं की त्यांनी ते हसण्यावारी न्यावं, असं करता करता वय गेलं आणि बघणारेही थकले. धाकट्या भावाचं लग्न झालं, तो वेगळा राहू लागला. मायलेकी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत उरल्या.

एकदा सुपरवायझरबाईंचा पाय मोडला, म्हणून सगळ्याजणी त्यांना भेटायला गेल्या. बाईंच्या यजमानांना गाण्याचा शौक होता. पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी एक रेकॉर्ड लावली. बाकीच्या जणी प्लास्टरबद्दल बोलत होत्या. हॅलोताईंच्या हातातला कप तसाच राहिला. गाणारी बाई सुरू होण्याआधी किंचित थांबली, तिनं श्वास घेतला, आणि तो श्वास त्या खोलीत ऐकू आला, जणू ती कपाटाशेजारी उभी होती. इतकी वर्षं हजारो माणसं त्यांच्या कानात बोलली होती, पण श्वास घेताना त्यांनी कुणालाच ऐकलं नव्हतं.

घरी येऊन आईला म्हणाल्या, "आपण तसलं एक घेऊ या."

"तसलं म्हणजे कसलं?" आईनं विचारलं. आणि ते समजावून सांगायला त्यांना पुढची सगळी वर्षं लागली.

तयार संच घ्यावा एवढी ऐपत नव्हती. मग त्यांनी तुकड्यातुकड्यानं जमवायला घेतलं. पहिल्यांदा जुन्या बाजारातून टर्नटेबल आलं, त्याचं झाकण तडकलेलं आणि सुई बोथट. दोन वर्षं ते कपाटावर कापडाखाली बसून होतं, कारण आवाज बाहेर काढायला पुढचं काही नव्हतंच. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आमच्याकडे एक यंत्र आहे, ते गोल फिरतं. चौकातले रेडिओ दुरुस्त करणारे मास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी अॅम्प्लिफायर बांधून द्यायचं कबूल केलं आणि बाई रोज येऊन एवढ्या टक लावून बघत बसतात म्हटल्यावर शेवटी सोल्डरिंग आयर्न त्यांच्याच हातात दिलं. हॅलोताईंनी बोटं भाजून घेतली, दोनदा घरातला फ्यूज उडवला, पण शिकल्या. वायरींची सवय होतीच. मास्तर म्हणायचे, या बाईंचा सोल्डरचा डाग माझ्यापेक्षा साफ बसतो. नंतर नंतर तर दुकानात गर्दी असली की एखादा रेडिओ ते सरळ त्यांच्यापुढे सरकवायचे.

राहिली स्पीकरची खोकी. ती बनवायला त्या समोरच्या सुतारदादांकडे गेल्या.

सुतारदादा वयानं त्यांच्याहून थोडे मोठे. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं, दारं, खिडक्या, पलंग. ताईंनी काढून आणलेला नकाशा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं की याचं दार कुठल्या बाजूला उघडायचं. दार नाही, म्हटल्यावर त्यांनी विचारलं की मग आत ठेवणार काय. आवाज, असं उत्तर आल्यावर ते थोडा वेळ डोकं खाजवत राहिले. पण एकदा काम हाती घेतल्यावर त्यांनी कुचराई केली नाही. जुन्या दाराच्या मुरलेल्या फळ्या शोधून काढल्या, कोपऱ्यांत एक खिळा दिसू दिला नाही, आणि पॉलिश तर असं केलं की त्यात तोंड दिसावं. खोकी इतकी जड झाली की वर चढवताना चार माणसं लागली. आई दारात उभी राहून म्हणाली, "घरात माणसांना टेकायला जागा नाही, आणि आवाजाला दोन दोन खोल्या."

पहिल्या दिवशी संच वाजला तेव्हा हॅलोताई रडल्या. मग डोळे पुसून उठल्या आणि डावं खोकं वीतभर मागे सरकवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं तिला अंतही नसतो. त्यानंतर नवी सुई आली, जाड वायरी आल्या, टर्नटेबलाखाली दगडी लादी आली. सुट्टीच्या दिवशी त्या एखादी रेकॉर्ड लावून खुर्चीत बसायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की आई म्हणायची, हिला आता हाक मारली तर पाप लागेल.

पण त्या सुखाला एक काटा होता, आणि तो त्यांनी स्वतःच रुजवला होता. रेकॉर्ड चालू असताना घरात पंखा बंद. भांडं वाजता कामा नये. खुर्ची सरकवायची नाही. भावाची मुलं आली की त्यांनी पळायचं नाही, कारण लाकडी जमीन हलली की सुई उडायची. भावाची मुलगी लहानपणी शेजारणीला म्हणाली होती, "आत्याकडे आम्ही गप्प बसायला जातो." सगळे हसले. हॅलोताईही हसल्या, पण नियम तसाच राहिला. आईला शिवता शिवता गुणगुणायची सवय होती. सूर फार चांगला नव्हता, शब्दही अर्धे विसरलेले. हॅलोताई खुर्चीतूनच ओठांवर बोट ठेवायच्या. कधी रागावल्या नाहीत, नुसतं बोट. आई लगेच थांबायची आणि शिवण घेऊन आतल्या खोलीत जायची. पुढे पुढे ती रेकॉर्ड नसतानाही गुणगुणेनाशी झाली. हे केव्हा झालं, ते हॅलोताईंच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं ते आई गेल्यावर. आठवडाभराच्या आजारात ती गेली. पाहुणे आपापल्या घरी परतल्यावर हॅलोताईंनी एक दिवस संच सुरू केला, आणि पहिल्यांदाच त्यांना तो सहन होईना. सगळं चोख वाजत होतं. पंखा बंद होता, भांडी गप्प होती, आणि आतल्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी सुई उचलली. स्वच्छ आवाज ऐकता यावा म्हणून जो आवाज आपण घरातून घालवला, तो कुठल्याच दुकानात मिळायचा नाही, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. पुढे आयुष्यभर या गोष्टीबद्दल त्यांनी स्वतःची समजूत घातली नाही. कुणी म्हणालंच की अहो, आईला काही वाटलं नसेल, तर त्या म्हणायच्या, वाटलं असेल.

मग माणसं दुःखात करतात तसा त्यांनी एक वेडेपणा केला. मोठ्या रस्त्यावर नवं दुकान निघालं होतं. तिथे काचेमागे चंदेरी संच मांडलेले, त्यांवर हिरवेतांबडे दिवे गाण्याबरोबर नाचणारे. जुन्या सामानाच्या बदल्यात नवा संच घरपोच, असं दुकानदार म्हणाला. घरात काहीतरी बदलावं, उजेड यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. टर्नटेबल तेवढं ठेवून घेऊन त्यांनी हो म्हटलं.

हमाल खोकी खाली उतरवत होते तेव्हा सुतारदादा शेडच्या दारात रंधा मारत होते. ते थांबले. गल्ली ओलांडून आले आणि एका खोक्याच्या कडेवरून हात फिरवून म्हणाले, "वाकलं का हो कुठं, ताई?"

"नाही नाही. दुकानवाल्यानं बदल्यात घेतली."

"बरं," ते म्हणाले आणि परत जाऊन कामाला लागले.

त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नवा संच म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं. आवाज भरपूर, इतका की खालच्या मजल्यावरचे वर यायचे. पण बाई गाऊ लागली की ती दातांनी गातेय असं वाटायचं, आणि व्हायोलिन ऐकताना हॅलोताईंना आपली खरखरणारी लाइन आठवायची. वर्षभर त्यांनी हे स्वतःशी कबूल केलं नाही. उलट येईल त्याच्यापुढे संचाची तारीफ करत राहिल्या, आणि जितकी तारीफ वाढली तितकं ऐकणं कमी झालं. शेवटी दिवे नाचायचे आणि त्या आतल्या खोलीत भाजी चिरत बसायच्या. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, तक्रार करायची कुणाकडे?

एके दिवशी त्या तडक दुकानात गेल्या आणि जुनी खोकी परत मागितली. ती केव्हाच विकली गेली होती. या दुकानातून त्या दुकानात विचारत विचारत त्या अखेर एका फोटोग्राफरच्या स्टुडिओपर्यंत पोचल्या. खोकी तिथेच होती. आतले स्पीकर काढून टाकलेले, भोकांवर मखमल ठोकलेली. एकावर कुंडी होती, आणि दुसऱ्यावर फोटोसाठी एक दीडेक वर्षाची मुलगी बसवली होती. ती टाचांनी खोक्यावर ढबढब वाजवत होती आणि त्या आवाजाला स्वतःच खळखळून हसत होती. फोटोग्राफर म्हणाला की यावर बसवलं की पोरं रडत नाहीत, म्हणून हे मी कुणाला द्यायचा नाही. हॅलोताईंनी मागितलीही नाहीत. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि बाहेर पडल्या.

तिथून सरळ सुतारदादांच्या शेडमध्ये. दादा फळीला सरस लावत होते. त्यांनी पायानंच एक स्टूल पुढे सरकवलं.

"दादा, मी खोकी द्यायला नको होती," त्या म्हणाल्या. "चूक झाली माझी. पुन्हा करून द्याल का?"

दादांनी फळ्या जोडून शिकंज्यात आवळल्या, हात पुसले. म्हणाले की तसलं लाकूड आता मिळायचं नाही. मापंही विसरलो. पण तेव्हापेक्षा आता अक्कल जरा जास्त आहे, तेव्हा बघू. मग थोडं घुटमळत त्यांनी विचारलं, "ताई, एक विचारू? त्यातून निघायचं तरी काय?"

हॅलोताईंना प्रश्नच कळेना.

"नाही, म्हणजे मला इथवर नुसतं धबधब यायचं," दादा म्हणाले. "भिंतीला कुणी बुक्की मारल्यासारखं. मी बायकोला म्हणायचो, एवढी रंधून, घासून केली, त्यातून एवढंच निघत असेल होय? पण तुम्ही खूश दिसायचात. मग म्हटलं असेल काहीतरी."

हॅलोताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दादांनी ती खोकी वर आणून दिली होती, पुढे कितीदा तरी पाय बसवायला, पॉलिशला, पट्टी मारायला ते आले होते. प्रत्येक वेळी काम करून, भुसा झाडून, दारातूनच परत गेले होते. आपण त्यांना चहा दिला, आभार मानले. बसा, ऐका, असं म्हणावं हे एकदाही सुचलं नव्हतं.

"तुम्ही करून द्या," त्या म्हणाल्या. "मग दोघं या. आधी तुम्ही ऐकायचं."

नवी खोकी व्हायला बरेच दिवस लागले, कारण या वेळी दोघंही हट्टाला पेटली होती. मास्तरांनी जुन्या ओळखीतून चांगले स्पीकर मिळवून दिले, अॅम्प्लिफायर हॅलोताईंनी स्वतः बांधला. सगळं जोडून वाजवलं तर खालच्या सुराला एक झणझण ऐकू येऊ लागली. दादांनी एक खोकं उघडून आतून आणखी एक पट्टी मारली. झणझण तशीच. दुसरंही उघडलं. तशीच. हॅलोताईंनी अॅम्प्लिफायर उलटा केला, दोन डाग नव्यानं लावले, आणि दोघांचं थोडं वाजलंसुद्धा: ताई म्हणाल्या लाकूड बोलतंय, दादा म्हणाले माझं लाकूड कधी बोलत नाही, तुमची वायर बोलते. अखेर दादा कंटाळून खिडकीशी जाऊन उभे राहिले, काचेला हात टेकला, आणि झणझण थांबली. हात काढला की सुरू. खिडकीची काच चौकटीत सैल झाली होती. ती खिडकीही त्यांनीच केलेली. त्यांनी खिशातून लाकडाची एक कपची काढून काचेच्या कडेला ठोकली आणि म्हणाले, "झालं."

रविवारी दुपारी सुतारदादा आणि त्यांची बायको वर आले. दोघांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. दादा खुर्चीच्या अगदी टोकाला बसले, जणू ती त्यांनीच केलेली असून तिचं पॉलिश अजून वाळायचं होतं. हॅलोताईंना कधी नव्हे ती धडकी भरली होती. कुठली रेकॉर्ड लावावी हे त्यांचं सकाळपासून ठरत नव्हतं. शेवटी बासरीची लावली.

सूर आला तसे दादा आधी खोक्यांकडे बघत राहिले, मग दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे, मग त्याच्यामागच्या भिंतीकडे. त्यांना वाजवणारा माणूस सापडत नव्हता. वहिनींना कोपर मारून त्यांनी हळूच विचारलं की तुलाही तो मधेच बसलाय असं वाटतंय का. वहिनी म्हणाल्या, हो. मग दादा खुर्चीत मागे टेकले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले. हॅलोताई मनातून फुलून गेल्या, एवढ्यात बासरीच्या खालून हलकेच घोरण्याचा आवाज येऊ लागला.

वहिनी ओशाळ्या झाल्या आणि त्यांना हलवायला उठल्या. हॅलोताईंनी त्यांचा हात धरला.

"झोपू द्या हो," त्या म्हणाल्या.

"दिवसभर करवत चालते ना," वहिनी कुजबुजत्या आवाजात सांगू लागल्या. "घरी पाठ टेकली तरी म्हणे कानात तीच फिरते. डोळ्याला डोळा लागत नाही यांचा. किती वर्षं झाली."

हॅलोताई उठल्या, चहा टाकला, दोघींसाठी दोन कप घेऊन आल्या. वहिनींनी विचारलं, एक्स्चेंजमध्ये तुमच्याही कानात असंच राहतं का हो? राहतं, त्या म्हणाल्या, आणि मग बोलण्यातून बोलणं निघत गेलं. वहिनी माहेरच्या आठवणी सांगत होत्या. त्यांची आई गेली तेव्हा त्यांना पोचायला उशीर झाला होता. बातमीचा फोन कुणीतरी दूरच्या गावाहून जोडून दिला होता, आणि जोडणारी बाई मधेच म्हणाली होती, धीर धरा. ती बाई आपण होतो का, हे हॅलोताईंना आठवेना. तसं त्या किती जणांना म्हणाल्या होत्या. रेकॉर्ड संपली. दादांची झोप मोडू नये म्हणून त्यांनी घाईघाईनं तीच पुन्हा पहिल्यापासून लावली आणि परत येऊन बसल्या. पंखा फिरत होता. कपबशा वाजत होत्या. दोघी बोलत होत्या, आणि हे सगळं त्या संचाच्या देखत चाललंय हे हॅलोताईंच्या लक्षात आलं ते पाहुणे जिना उतरून गेल्यावर.

त्यानंतर रविवारी दार उघडं राहू लागलं. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी यायच्या, मास्तर यायचे, भावाची मुलगी आता नवऱ्याला घेऊन यायची. कुणी ऐकायचं, कुणी नुसतं बसायचं. एक्स्चेंजमध्ये आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि भोकांचे बोर्ड भंगारात गेले. हॅलोताई तक्रार विभागात बसू लागल्या, तिथून निवृत्त झाल्या. संच मात्र वाढत राहिला. टर्नटेबलाच्या मुळातच असलेली एक बारीक घरघर त्यांना कधीच काढता आली नाही. नवं टर्नटेबल आणूनही त्यांनी जुनं ठेवलं आणि पुन्हा जुन्याकडे वळल्या. चंदेरी संच भाचीच्या सासरी गेला, तिथे तो म्हणे लग्नकार्यात उत्तम चालतो. एवढी वर्षं याच्यात घातली, त्याऐवजी जग पाहिलं असतं, असं भाऊ एकदा म्हणाला. हॅलोताई म्हणाल्या की तेही राहिलं खरं. आणखीही राहिलंय बरंच. पण हे राहिलं नाही.

निवृत्तीनंतर फावला वेळ होता, म्हणून त्यांनी सुतारदादांच्या शेडसाठी एक छोटा संच बांधला. पेटी दादांनी उरल्यासुरल्या फळ्यांची केली. तो त्यांनी हत्यारांच्या फळीवर, करवतींच्या शेजारी ठेवला आणि सकाळी शेड उघडली की आधी तोच लावायचा असा नेम धरला. एकदा भाजी घेऊन परतताना हॅलोताई दारात थांबल्या. यंत्रावर फळी घासली जात होती, भुशाचा लोट उडत होता, आणि कपाळाला कपाळ लावून बोललं तरी ऐकू जाऊ नये एवढा गोंगाट होता. संचाचा दिवा लुकलुकत होता.

त्यांनी हातानं विचारलं, काही ऐकू येतं का?

दादांनी यंत्र बंद केलं. "अजिबात नाही," ते म्हणाले. "पण चालू आहे हे माहीत असतं ना."

मग त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि हॅलोताई पिशवी सांभाळत गल्ली ओलांडून आपला जिना चढू लागल्या.